तीन पानांची वंशावळ

भिवंडीतल्या आमच्या वाचनालयात आसपासच्या गावांतल्या घराण्यांच्या वंशावळी हाताने लिहून ठेवलेल्या आहेत. त्या सांभाळणारे ग्रंथपाल स्वतः उकाड्यात बसतात आणि वाचक आला तरच पंखा लावतात. मला पाहिलं की खुर्ची पुसून म्हणायचे, "बसा शेठ, पूर्वज खोळंबलेत." त्या खोलीत माझ्याशिवाय दुसरा वाचक मी कधी पाहिला नाही.

दोन महिने खपून मी आमची वंशावळ उतरवली. तिच्यात पाटीलकी निघाली, तेव्हापासून मी घरात चहासुद्धा हुकूम सोडून मागू लागलो. शेवटच्या पानावर गावाचं नाव आलं, पूर्णा. आम्ही तर वडप्याचे! आडनाव तेवढं एक होतं.

"अहो, ही आमची नाहीच!"

"म्हाईत हाय. पहिल्याच दिवशी वळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

ते पंख्याकडे बघत राहिले. "तुमची वही तीन पानांची हाय, शेठ. एका दुपारीत संपली असती."

पाटीलकी गेली. आता त्या तीन पानांतल्या मी रोज दोनच ओळी उतरवतो. अक्षर लागत नाही अशी तक्रार केली की ते भिंग शोधायला उठतात, आणि शोधायला भरपूर वेळ लावतात.