थंडोपंतांचा हात

रेडिएटरवाल्याला सगळी गल्ली थंडोपंत म्हणायची. त्याची दोन कारणं सांगितली जात. एक, तीस वर्षं ते तापलेल्या गाड्या थंड करत आले होते. दोन, त्यांना स्वतःला तापलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिसरं कारण फक्त त्यांची बायको सांगायची: या माणसाला कशाचाही उरक नाही.

दुकान म्हणजे पुढून उघडी एक लांबट खोली. मध्ये सिमेंटचा हौद. त्यात रेडिएटर बुडवायचा, हवा भरायची आणि बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. भिंतीवर जुने रेडिएटर टांगलेले. एक स्टूल, त्यावर बसायची गिऱ्हाइकांना मुभा होती, पण ते डुगडुगायचं, त्यामुळे गिऱ्हाइकं उभीच असत. सबंध दुकानात तापमान मोजायचं एकही यंत्र नव्हतं. गरज नव्हती. थंडोपंत बॉनेट उघडत, इंजिन चालू ठेवत, वरच्या पाइपावरून खालच्या पाइपापर्यंत तळहात फिरवत आणि सांगत, "इथं अडलंय." तिथंच अडलेलं असे. शेजारचा इंजिनवाला, ज्याला स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून बिघाड ओळखायच्या सवयीमुळे कानसेन म्हणत, तोसुद्धा तापणारी गाडी आली की निमूट थंडोपंतांकडे पाठवायचा. "आमच्या पंतांचा हात लागू दे एकदा," म्हणायचा. थंडोपंतांचं नाव, धंदा आणि ऐट, सगळं त्या उजव्या तळहातावर उभं होतं.

आणि वर्षभरापूर्वी तो हात बंद पडला.

म्हणजे हलत होता, पाना फिरवत होता, शर्टाची बटणंही लावत होता. फक्त त्याला गरम कळेनासं झालं. आधी बोटांना मुंग्या यायच्या, मग मुंग्याही यायच्या थांबल्या. एकदा रेडिएटरचं भोक झाळून बुजवताना थंडोपंतांना काहीतरी करपल्याचा वास आला. त्यांनी आजूबाजूला बघितलं. करपत होतं ते त्यांचंच बोट.

"कुठे भाजलं?" बायकोने रात्री विचारलं.

"कुठे नाही."

"बोटाला नाही तर काय कपाटाला फोड आलाय?"

ते हात धुवायला उठले. कानसेनलाही सांगितलं नाही. हाताला कळत नाही हे एकदा गल्लीत पसरलं की आपण म्हणजे हौदाशेजारी बसलेला एक म्हातारा, एवढंच उरणार, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. म्हणून ते हात फिरवत राहिले आणि अंदाजाने सांगत राहिले. गंमत म्हणजे अंदाज बरोबर येत राहिले. तिसातल्या एकोणतीस गाड्यांना तोच तो आजार असतो. मेकॅनिक आणि वैद्य यांचं हे समान भाग्य आहे.

तिसावी गाडी दातांच्या डॉक्टरची निघाली.

डॉक्टर मध्यम वयाचा, हळू बोलणारा, नखं स्वच्छ असलेला माणूस. त्याने एका जुन्या छोट्या गाडीत दीडपट मोठं इंजिन बसवून घेतलं होतं, वर त्याचा जोर वाढवणारा टर्बो. बॉनेट उघडलं की आतलं सामान सुटकेस बळेच बंद केल्यासारखं बाहेर डोकावायचं.

"एवढं इंजिन कशाला?" थंडोपंतांनी विचारलं.

"चढावर गाडी रडायची."

"चढायची की नाही?"

"चढायची. पण मागचे हॉर्न वाजवायचे."

हे कारण थंडोपंतांना पटलं. जगात याहून किरकोळ कारणांसाठी याहून मोठी इंजिनं बसवली गेलेली त्यांनी पाहिली होती.

अडचण अशी, की इंजिनाचा पट्ट्यावर फिरणारा मूळ वॉटर पंप आता पंख्याला घासत होता. म्हणून डॉक्टरने विजेवर चालणारा पंप आणला होता. सोबत एक छोटी डबी आणि दोन सेन्सर. इंजिनातल्या पाण्याचं तापमान सेन्सर डबीला सांगणार, आणि पंप किती जोरात फिरवायचा ते डबी ठरवणार.

"म्हणजे सेन्सर खोटं बोलला तर डबी त्यावर विश्वास ठेवणार," थंडोपंत म्हणाले.

"म्हणून तर तुमच्याकडे आणली. जागा चुकली तर सगळंच चुकलं, असं ऐकलंय."

पंप बसवायला एक दिवस गेला. रेडिएटरच्या खालच्या अंगाला, कोरडा पडणार नाही असा सखल, रबराच्या गादीवर. काम देखणं झालं. राहिला प्रश्न मुख्य सेन्सरचा. डब्यातल्या कागदावर इंजिनाच्या हेडच्या, म्हणजे माथ्याच्या, पुढच्या तोंडाशी बाण दाखवला होता. पण तिथं टर्बोचा पाइप आडवा आला होता. तिथं सेन्सर घालायचा तर त्या पाइपाचं ब्रॅकेट कापा, नवं भोक पाडा, दोन दिवसांची निश्चिंती. हेडच्या मागच्या बाजूला मात्र बूच लावलेली दोन तयार भोकं होती, एक वर, एक खाली.

"मागचं घेऊ," थंडोपंत म्हणाले.

"कागदावर पुढे आहे."

"कागदानं ही गाडी बघितलीय का?"

डॉक्टरने कागद घडी करून खिशात टाकला. इंटरनेटवर वाचून येणाऱ्या पेशंटांना तो स्वतः रोज हेच ऐकवत असे.

थंडोपंतांनी इंजिन चालू केलं, चांगलं तापू दिलं आणि दोन्ही बुचांवर आळीपाळीने बोटं टेकवली. वरच्या बुचाने काही सांगितलं नाही. खालच्यानेही नाही. डॉक्टर जवळ उभा राहून आदराने बघत होता. 'मला कळत नाही' हे तीन शब्द थंडोपंतांच्या जिभेवर आले, तिथं क्षणभर उभे राहिले आणि परत फिरले.

"वरचं," ते म्हणाले.

गरम पाणी वर चढतं, असा त्यामागे हिशेब होता. तो चूक नव्हता. फक्त पाण्यात अडकलेली हवाही वरच चढते, आणि हवेत बसलेल्या सेन्सरला पाणी किती तापलं ते कळत नाही; हाताला कळत असतं तर ते बूच कमी गरम लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोघं गावाबाहेरच्या चढाच्या रस्त्यावर गेले. गाडी खरोखर उधळल्यासारखी चढली. समोर डबीचा आकडा बहात्तर अंश दाखवत होता. डॉक्टर लहान मुलासारखा खूश. "बघा, बहात्तर! हलायला तयार नाही!"

तिसऱ्या वळणावर थंडोपंतांच्या नाकाला कूलंटचा गोडसर वास लागला. बहात्तर अंशांना कूलंट वास मारत नाही.

"थांबवा."

बॉनेट उघडलं. इंजिनातून बारीक सूंऽऽ आवाज येत होता. थंडोपंतांनी सवयीने आणि थोडं डॉक्टर बघतोय म्हणूनही वरच्या पाइपावर तळहात ठेवला. ठेवून उभे राहिले. काय सांगायचं ते ठरत नव्हतं. शेजारी डॉक्टरनेही हात टेकवला आणि किंचाळून मागे घेतला.

मग त्याने थंडोपंतांकडे बघितलं. त्यांचा हात अजून पाइपावरच होता.

"हात काढा."

"हं?"

"अहो, हात काढा आधी!"

तळहात लालबुंद झाला होता. डॉक्टरने बाटलीतलं पाणी त्यावर धरलं, बराच वेळ धरून ठेवलं. मग खिशातून पेन काढलं. "डोळे मिटा. बोटावर टोचतोय. सांगा कुठे."

थंडोपंतांनी डोळे मिटले. "टोचायला लागलात की सांगा."

"तीनदा टोचून झालं."

खालून एक ट्रक चढत आला, हॉर्न वाजवून निघून गेला.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आणि ते भोक कसं निवडलंत?"

थंडोपंत दगडावर बसले. "अंदाजानं."

डॉक्टरचा चेहरा पडला. तो एकदा इंजिनाकडे, एकदा थंडोपंतांकडे बघत होता. दोघांपैकी कोणाची काळजी आधी करायची ते त्याला ठरवता येत नसावं. "साखर तपासलीत?" तो शेवटी म्हणाला.

"नाही."

"उद्या तपासायची. मी येतो बरोबर." जरा थांबून तो चिडून म्हणाला, "मला सांगायला काय हरकत होती? मी दिवसभर दुसऱ्याच्या तोंडात काम करतो. त्यांचं दुखणं मला कधी जाणवलंय? विचारतो. ते सांगतात. तोंड उघडं असताना जमेल तसं सांगतात."

दीड तासाने इंजिन निवलं. थंडोपंतांनी ऑइलची पट्टी ओढून बघितली. ऑइल काळंच होतं, पाणी मिसळून दुधाळ झालं नव्हतं. इंजिन वाचलं होतं. पाणी भरून ते गाडी हळूहळू खाली घेऊन आले.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली.

"मला माहितेय. तुम्ही उकळतं पातेलं नुसत्या हातानं उतरवलंत त्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. एक वर्ष म्हणजे तुमच्या मानानं लवकरच झालं."

पुढचे दोन दिवस ब्रॅकेट कापण्यात गेले. सेन्सर कागदावरच्या जागी गेला, दुसरा रेडिएटरच्या खालच्या तोंडाशी. गाडीचं नाक जॅकवर उंच उचलून आतली हवा काढली. शेवटी इंजिन तापलं तेव्हा थंडोपंत हात मागे बांधून उभे राहिले.

"वरच्या पाइपावर हात ठेवा, डॉक्टर. ठेवलात? एक, दोन, तीन..."

"बस! नाही ठेववत."

"आता खालच्या."

"हा बरा आहे. ठेवता येतो."

"तीन मोजेपर्यंतच ठेववलं, म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल वर."

डबीचा आकडा त्र्याऐंशी होता.

आठवड्याने कानसेन एक गाडी घेऊन आला, सोबत गाडीचा मालक, ऑफिसात निघालेला, घड्याळ बघणारा. "हात लाव रे पंता, यांना उशीर होतोय."

थंडोपंत हौदापाशी उभे राहिले. साखर बरीच वाढली होती आणि गोळ्या सुरू झाल्या होत्या. हात परत येईल की नाही ते साखरेचे डॉक्टर नक्की सांगत नव्हते. "माझ्या हाताला आता कळत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं."

मालकाने चमकून बघितलं. कानसेनने नुसती मान डोलावली.

"अरे, हाताला कळत नाही म्हणतोय मी," थंडोपंत पुन्हा म्हणाले.

"काय?" कानसेन वळून दुसऱ्या बाजूने जवळ आला. "या बाजूनं बोल. त्या कानानं मला तीन वर्षं ऐकू येत नाही."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग आधी कानसेन हसला, मग थंडोपंत.

मालकाला हसू आलं नाही. "मग माझी गाडी बघणार कोण?"

"तुम्ही," थंडोपंत म्हणाले आणि बॉनेट उघडलं. "शर्टाची बाही वर करा. वरच्या पाइपापासून सुरू करू. चटका बसला की सांगा, मी मोजतो."