काशाची वाटी आणि आईचे पाय

मंडळी, आज सकाळी यवतमाळला डॉक्टरांकडे गेले होते. साखरेमुळे माझे तळपाय जळतात. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मी विचारलं, "सोबत तूप लावून काशाची वाटी घासली तर चालेल का?"

"चालते न काकू. हलक्या हातानं घासा, अन् गोळी सोडू नका. पण घासून देणार कोण?"

ते सहज म्हणाले. मला आईचे पाय आठवले.

साठच्या दशकात, पुसदला, आईला क्षय झाला होता. रोज कंपाउंडर येऊन सुई टोचायचा. तिचेही तळपाय जळायचे. आम्हा लेकरांना तिच्या तोंडाजवळ जायची बंदी होती. पायाशी बसून वाटी घासायला मात्र डॉक्टरांची परवानगी होती. आई भिंतीकडे तोंड करून विचारायची, "आज शाळेत काय शिकवलं वं?" मी सगळं तिच्या पायांना सांगायची.

पुढे आई बरी झाली. सुयांनीच झाली, वाटीनं नाही. डॉक्टर म्हणाले, आता लेकरं जवळ आली तरी हरकत नाही. आईनं हात पुढे केले. मी धावत गेले आणि सवयीनं तिच्या पायाशीच बसले.

"वर ये न वं माय," ती म्हणाली.

तिच्या कुशीत शिरायला मला कितीतरी दिवस लागले. ते वाया गेलेले दिवस आज फार हवे आहेत.

आजारपणात तुमचंही कुणी असं दूर ठेवलं गेलं होतं का? जवळ जाता आलं, तेव्हा तुम्ही काय केलं?