रेडिओवहिनी गप्प राहिल्या

रेडिओवहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे त्यांच्या सासरी-माहेरी दोन्हीकडे मान्य होतं. त्यांना स्वतःलाही होतं. "मला काही सांगू नका गं बाई," असं त्या आधीच बजावायच्या, आणि कात्री खाली ठेवून चांगल्या पुढे सरकून बसायच्या.

कामही तसंच होतं. पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन. नवं काही त्या शिवत नसत. पँट आखूड करायची, चेन बदलायची, जाड झालेल्यांचे कपडे उसवायचे आणि बारीक झालेल्यांचे आवळायचे. आता एखाद्याची कंबर दोन इंच वाढली म्हटल्यावर ती का वाढली, हे ओघानं आलंच. खालच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न ठरल्याचं त्यांनी जिन्यात सांगितलं, तेव्हा मुलीचा होकार यायचा होता. नवऱ्याच्या बढतीचं पत्र घरी आलं, तर पाण्याचे मीटर तपासून तो परत येईपर्यंत सात जणांनी त्याचं अभिनंदन केलं होतं. मन मात्र निर्मळ. पोटात काही राहत नाही, तर विष तरी कुठून राहणार?

अशा या बाईला सासूबाईंनी मतदानाला सोबतीण म्हणून निवडलं.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आलेला. माणूस आहे एवढं कळे, कोण ते आवाजावरून. पालिकेच्या निवडणुकीला त्यांचा सख्खा भाचा उभा होता. दोनदा निवडून आलेला, आता तिसऱ्यांदा. त्याची निशाणी बादली. समोर शाळेच्या निवृत्त बाई, त्यांची निशाणी शिट्टी. आत्याचं मत भाच्याला, यात कोणाला शंका नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरून उतरायलाच अर्धा तास लागला. इमारत पालिकेची, तरी जिन्याचा कठडा तुटून आठ वर्षं झाली होती. एक हात भिंतीवर, एक सुनेच्या खांद्यावर ठेवून सासूबाई पायरी पायानं चाचपत उतरल्या.

शाळेत रांग मोठी. भिंतीवर भलामोठा कागद चिकटवलेला.

"काय लिहिलंय गं तिथं?"

"निवडणुकीतल्या गुन्ह्यांची यादी आहे, आई. शिक्षेसकट."

"मग वाच की मोठ्यानं. रांग कुठं पळून चाललीय?"

वहिनींना मोठ्यानं वाच म्हणायची गरज नसते. "दुसऱ्याच्या नावावर मत देणं, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही!" पुढच्या माणसानं हातातली चिठ्ठी पुन्हा एकदा नीट पाहिली. "मतदारावर दबाव आणणं, एक वर्ष!" मागची एक बाई नवऱ्याला म्हणाली, "ऐकलंत? आणि तुमचं आपलं, या घरात एकच मत."

"मतासाठी पैसे किंवा वस्तू देणं, एक वर्ष! घेणाऱ्यालाही तेच!"

रांग एकदम शांत झाली. आठवड्यापूर्वीच भाच्याच्या माणसांनी घरोघर लाल बादल्या वाटल्या होत्या.

"वस्तू म्हणजे काय काय धरतात हो वहिनी?" शेजारीण हळूच म्हणाली. "झाकण असलेली बादलीसुद्धा?"

"झाकणाचं वेगळं लिहिलेलं नाही," वहिनी म्हणाल्या. आमच्याकडे दोन आल्यात, हेही त्या सांगणार होत्या. सासूबाईंनी खांदा दाबला.

आत अधिकाऱ्यानं विचारलं, "आजींच्या सोबत कोण?"

"मी," रांगेत मागे उभा असलेला त्यांचा मुलगा पुढे झाला.

"तू थांब रे. ही येईल."

मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, त्यापेक्षा माईकवरच मत द्या!" सगळे हसले. अधिकारी हसला नाही. त्यानं एक कागद पुढे केला. "आजी सांगतील तेच बटण दाबायचं आणि कोणाला सांगायचं नाही. सांगितलं तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग. करा सही."

"कोणालाच नाही?"

"कोणालाच नाही."

"नवऱ्याला?"

"नवरा 'कोणालाच'मध्ये येतो, बाई."

वहिनींनी मनात देवाचं नाव घेतलं आणि सही केली. पुठ्ठ्याच्या आडोशाला सासूबाईंनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "शिट्टी."

"अहो आई, बादली ना?"

"डोळे गेलेत माझे, अक्कल नाही. शिट्टी."

वहिनींनी शिट्टीचं बटण दाबलं. बाहेर आल्या त्या पदर तोंडावर घट्ट धरूनच.

निकालाला तीन दिवस होते. त्या संध्याकाळीच जिन्याच्या वळणावर एक लाल बादली दिसली, मग तीन. अंधार पडेपर्यंत अकरा बादल्या मालकाविना उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी वहिनींकडे सहा पँटी आल्या, त्यातल्या चार अगदी मापाच्या.

"थोडी सैल करा," शेजारीण म्हणाली. "मग? आजींनी काय दाबलं?"

वहिनींनी टाचण्या ओठांत धरल्या. दिवसभर धरल्या. जेवताना टाचण्या धरता येत नाहीत, तर नवऱ्यानं तेव्हा गाठलं. "मला सांग. मी कोणाला सांगतोय?"

"तीन महिने तुम्हाला डबा कोण देईल?" एवढंच म्हणून त्यांनी मोठा घास घेतला.

पोट फुगल्यासारखं झालं. झोप उडाली. शेवटी सकाळी दिवा लावताना त्यांनी देवाला कुजबुजून सांगून टाकलं. त्याला आधीच ठाऊक असतं, तेव्हा त्याला सांगणं हा काही गुन्हा होत नाही, असा त्यांनी विचार केला होता. जरा बरं वाटलं.

सासूबाई मात्र अस्वस्थ. तासातासाला विचारायच्या, "भाचा आला होता? त्याच्या माणसांपैकी कोणी? काही बोललीस का?"

"नाही हो. तुम्ही अगदी निर्धास्त राहा."

तिसऱ्या दिवशी सासूबाईंचा धीर सुटला. "अगं कर्मा! म्हणून तर तुला नेलं होतं!"

वहिनींच्या ओठांतल्या टाचण्या मांडीवर पडल्या.

"भाऊ जाताना म्हणाला होता, माझ्या पोराला दुखवू नकोस. त्याच्या तोंडावर कसं बोलू? म्हटलं, तुझ्या कानात घातलं की संध्याकाळपर्यंत त्याच्या कानी जाईल. जन्मभर साध्या साध्या गोष्टी गावभर केल्यास, आणि नेमकी आता तुझी वाचा बसली!"

"मग तुम्हीच सांगा की. स्वतःचं मत सांगायला कायद्याची ना नाही. मला आहे."

"माझी जीभ रेटत नाही गं."

दुपारी निकाल लागला. भाचा तीनशे बारा मतांनी निवडून आला. गळ्यात हार, हातात मिठाई, धापा टाकत थेट आत्याच्या पायाशी. "आत्या, तुझ्या मताचा आशीर्वाद!"

सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला.

"आशीर्वाद दिला रे. मत नाही दिलं."

भाचा मोठ्यानं हसला. "थट्टा करते! काय हो वहिनी?"

वहिनी गप्प.

"वहिनी, आत्याचा हात धरून तुम्हीच होतात ना? सांगा, बादली ना?"

वहिनींनी चेन बसवायला घेतली. सुईत दोरा जाईना.

भाच्याचं हसू हळूहळू उतरलं. "मला दिलं असतं तर तुम्ही आत्तापर्यंत रस्त्यात ओरडून सांगितलं असतं," तो म्हणाला आणि खाली बसला. "का गं आत्या?"

"वर येताना आधाराला काय धरलंस?"

त्यानं तळहात पाहिला. भिंतीचा चुना लागून तो पांढरा झाला होता.

"मीही तेच धरते. आठ वर्षं. तुला दिसतं, मला तर तेही नाही."

"मग सरळ बोलायचंस ना."

"बोलले की आता," सासूबाई म्हणाल्या. "दे, मिठाई दे. निवडून आलास, तोंड गोड करू दे."

भाच्यानं डबा उघडला. तेवढ्यात वहिनी धडपडत उठल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याचा दंड धरला. "अहो, तुम्ही साक्षीला आहात. मी एक अक्षर बोलले नाही. ते मी गप्प बसले म्हणून भावजींना कळलं! आणि गप्प बसणं काही गुन्ह्यात येत नाही, भिंतीवरची अख्खी यादी वाचलीय मी!"