गाय कुठं बघत होती

गाईचा फोटो कानांवर ठरतो. बाकीचं सगळं जमवता येतं. सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून यावं, गाईचे पुढचे पाय थोड्या उंचवट्यावर असावेत, कास दिसेल असा मागचा पाय घ्यावा, उकिरडा फोटोत येऊ नये. काढणारीनं उभं राहू नये, गुडघ्यावर बसावं, कारण वरून काढलेली गाय शेळीएवढी दिसते. एवढं सगळं केलं आणि कान पडलेले असले, तर चांगली दुभती गायही आजारी वाटते. कान उभे राहिले की मान वर येते, डोळा मोठा होतो, कातडी ताणली जाते. गिऱ्हाइकाचं मोबाईलवरचं बोट तिथं थांबतं.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. रोज एस.टी.नं ये-जा करून बी.एस्सी. झाले, आणि आता वस्त्यावस्त्यांवर जाऊन विकायच्या जनावरांचे फोटो काढते. लोक ते ग्रुपवर टाकतात. पुष्कळदा गाय घोडेगावच्या बाजारात न्यायची वेळच येत नाही. "एवढं शिकून गाई-म्हशींचं फोटू काढती," असं माझे चुलते चारचौघांत म्हणतात. त्यांची म्हैस माझ्याच फोटोवर गेली, हे ते सांगत नाहीत. म्हणून मी सांगते.

कान उभे करायची एक युक्ती आहे. फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागं एकानं थांबायचं आणि सरकी पेंडीचं रिकामं पोतं फाडकन झटकायचं. जनावर दचकतं, तिकडं बघतं, तेवढ्यात बटण दाबायचं. लोक ज्याला जनावराचा रुबाब म्हणतात, ती निम्म्या वेळा त्याची भीती असते. आमच्या घरी पोतं झटकायचं काम आईचं.

त्या हिवाळ्यात पाटाच्या कडेचा ऊस माणसाच्या दुप्पट झाला होता आणि तोडीचा पत्ता नव्हता. उसात बिबट्या होता. म्हणजे आम्ही कुणी बघितला नव्हता, पण शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं साखळीसकट गेलं होतं आणि सकाळी फक्त साखळी ओढल्याची रेघ सापडली होती. वनखात्याचा माणूस येऊन सगळ्यांना समजावून गेला, की बसलेलं किंवा वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही, एखादं छोटं जनावर वाटतं. वाकून काम करू नका, बोलत राहा.

आई म्हणाली, "मंग घास काय उभ्यानं कापायचा व्हय?"

त्यावर त्यानं टोपी नीट केली.

आमचा घासाचा, म्हणजे जनावरांच्या हिरव्या चाऱ्याचा, वाफा गोठ्यासमोर आहे आणि वाफा संपतो तिथून ऊस सुरू होतो. आई रोज सकाळी तिथं उकिडवी बसायची. लांबून बघितलं तर पाठ आणि डोक्यावरचा पदर, बास. मी घरात काहीही करत असले तरी माझा कान तिच्या विळ्याकडं असायचा. कर्र, कर्र. आवाज थांबला की मी कुठल्या तरी निमित्तानं हाक मारायची. "आई, मीठ कुठं ठेवलंय?" "आई, फोन वाजतोय." फोन वाजत नसायचा. तिच्या ते लक्षात आलं होतं. "माझ्यावर पाळत ठिवली का काय गं?" म्हणायची. मी तिला भीती बोलून दाखवली नाही. बोलून दाखवली असती तरी घास कापावाच लागणार होता.

तर त्या दिवशी आमच्याच गाईचा फोटो काढायचा होता. दुसऱ्या वेताची, अंगानं भरलेली, दुधाला चांगली, पण बुजरी. घरात ताट पडलं तरी हिसका मारायची, धार काढताना कुणी खोकलं की पान्हा चोरायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, वैतागले होते. "असलं भित्रं जनावर दावणीला नगं," असं म्हणून त्यांनी तिला विकायचं काढलं. फोटोत बुजरेपणा थोडाच दिसतो.

अण्णांनी गाय गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीपुढं उभी केली आणि दोरी धरून बाजूला झाले. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. ऊन पाठीवर, म्हणजे घास आणि ऊसही माझ्या पाठीमागं. आई पोतं घेऊन मागं उभी होती. पण गाय काही जागेवर थांबेना. एकदा शेपूट, एकदा पाय, असं चाललेलं. मी कॅमेऱ्यात डोळा घालून बसले ते बसलेच.

आणि एकदम कान उभे राहिले.

नुसते उभे नाही, दोन्ही कान ताठ पुढं. मान अशी वर गेली की गळ्याखालची लोंबती पोळी ताणली. नाकपुड्या फुगल्या. एवढी सुंदर गाय मी त्याआधी फोटोत धरली नव्हती. मी लागोपाठ बटण दाबलं. मनात म्हटलं, आज आईनं बरोबर वेळ साधली.

"आई, झालं. बास कर आता."

आईचा आवाज लांबून आला, खालून आला. "काय बास? मी कुटं काय केलं?"

मी वळून बघितलं. पोतं माझ्यामागं जमिनीवर पडलं होतं. गाय थांबेना म्हणून आई कंटाळून घास कापायला निघून गेली होती. वाफ्याच्या पार टोकाला, उसाला पाठ करून, उकिडवी. तिच्यामागं उसाची पानं, आणि त्यांच्यावर सूर्य, त्यामुळं आत नुसता काळोख. वारा अजिबात नव्हता.

गाय अजून तिकडंच बघत होती.

"आई, उभी राहा."

"एवढी पेंढी बांधती अन् उठती."

"आई, आत्ता उठ."

"कालिजात जाऊन आईला हुकूम सोडायला शिकली व्हय? गुडघं धरल्यात माजं."

अण्णांना उन्हानं काही दिसत नव्हतं, पण दोरी त्यांच्या हातात होती आणि गाय ओढत होती. त्यांचा आवाज बदलला. घरात कुणी आजारी असलं की ते बोलतात तसं, हळू, म्हणाले, "अगं, ऊठ. मागं बघू नगं. ऊठ फकस्त."

आई थांबली. विळ्याचा आवाजही थांबला. पण एक हात गुडघ्यावर टेकून ती निम्मीच उठली. तिला तसंच उठावं लागतं. वाकलेली.

मी पोतं उचललं आणि पळाले. पळाले म्हणते, पण वाफ्यात तीनदा अडखळले. पोतं डोक्यावर धरून फाडफाड झटकत होते आणि तोंडानं काय ओरडत होते ते मला आजही आठवत नाही. आईच्या पलीकडं, उसाच्या तोंडाशी उभी राहून झटकत राहिले. समोर हाताच्या अंतरावर पानं होती. पानांच्या आत मला काहीही दिसलं नाही. आत बघायची हिंमत झाली नाही, म्हणून मी मान वळवून गाईकडं बघितलं.

तिचे कान आता आमच्यावर नव्हते. ते सावकाश पाटाच्या दिशेनं फिरत होते, जसं कुणी तरी तिकडून चालत जातंय आणि ती त्याला पोचवायला निघालीय. फिरत फिरत पाटापर्यंत गेले. मग एक कान पडला. मग दुसरा. गाय रवंथ करायला लागली.

आई उभी राहून माझ्याकडं बघत होती. विळा हातातच. "पोतं फाटलं," एवढंच म्हणाली, आणि मटकन खाली बसली. मी तिला बसू दिलं नाही. काखेत हात घालून, ओढतच घरी आणलं.

दुपारी अण्णा आणि चार माणसं काठ्या घेऊन गेली. उसाला पाणी दिलेलं होतं. ओल्या सरीत ठसे होते, आई बसली होती त्या जागेच्या अगदी मागं. वनखात्यानं पिंजरा लावला, त्यात शेळी बांधली. शेळी आठवडाभर ओरडली. आत कुणी गेलं नाही.

फोटो अण्णांनी ग्रुपवर टाकला होता, त्यांना आधी टाकायची घाई असते. पंढरीच्याही पुढून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "गाय बघा कशी उभी हाय, काय नजर हाय," म्हणाला, न बघता घ्यायला तयार. फोटो काढणाऱ्या दोघातिघांनीही विचारलं, कोणता कॅमेरा, नजर अशी कशी आणली. फोटोत एक गाय आहे आणि दोरी धरलेला अण्णांचा हात आहे. जे बघून ती तशी उभी राहिली ते माझ्या पाठीमागं होतं, आणि त्याच्या पुढ्यात माझी आई होती. तो फोटो मी पुन्हा नीट बघू शकलेले नाही.

फोन चालू असतानाच आई आतून म्हणाली, "इकायची न्हाई."

अण्णा फोनवर हात ठेवून म्हणाले, "बुजरी हाय ती."

"म्हनूनच."

गाय राहिली. आता आई घासात जाते तेव्हा ती गाय वाफ्याच्या कडेला, उसाकडं तोंड करून बांधलेली असते, आणि मी खाटेवर बसून असते, तिच्या कानांकडं बघत. शेजारी दुसरं पोतं. ऊस तुटून गेला, त्याच्याच बुडख्यांतून खोडवा आला, तोही आता डोक्याच्या वर गेलाय. फोटो काढायला जाते त्या वस्तीवरही मी गुडघ्यावर बसण्याआधी एकदा मागं वळून बघते. लोक हसतात. हसू देत.

सकाळी विळा चाललेला असतो. गाईच्या कानावर माशी बसते, कान फडकतो, आणि माझा हात पोत्यावर गेलेला असतो.