काकूंनी स्क्रीनवर ठेवलेला हात

कोल्हापूरच्या माणसाच्या पोटात गोष्ट राहत नाही. सकाळी रंकाळ्यावर बोललेलं दुपारपर्यंत शाहूपुरीत पोचतं, आणि तेही थोडी भर पडून. अशा गावात उभ्या आयुष्यात एकही गुपित न फोडलेलं एकच माणूस मी पाहिलं, ते म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. आणि गंमत अशी, की गावातली सगळ्यांत जास्त गुपितं त्यांनाच ठाऊक होती. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडून दिला की आवाज पोचतोय का ते ऐकावं लागायचं, आणि एकदा ऐकायला लागलं की कान मध्येच बंद करता येत नाहीत. कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, शिरोलीचा कुठला फौंड्रीवाला भावाशी अबोला धरूनही चोरून त्याच्या तब्येतीची चौकशी करतो, हे सगळं काकूंच्या कानांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं.

नव्वदच्या दशकात त्या निवृत्त झाल्या, तेव्हा घरी फोन होता. पण त्यावर त्या ‘बरं हाय’ आणि ‘ठेवते’ यापलीकडे काही बोलत नसत. आईनं विरजण आहे का म्हणून फोन केला, तर त्या फोन ठेवून कुंपणाच्या भिंतीशी येत आणि दबक्या आवाजात सांगत, “हाय. पर फोनवर काय विचारता? मधी तिसरं माणूस असतंयच. एवढी वर्षं मीच न्हवते का?” पेपरातल्या शेवटच्या पानावरच्या चमत्कारिक बातम्या त्या मोठ्यानं वाचून दाखवत. एकदा एकाच पानावर दोन बातम्या होत्या: कुठंतरी दोन तोंडांची शेळी जन्मली, आणि कुठल्याशा देशातलं सरकार म्हणे लोकांची ई-मेल वाचतं. आम्ही दोन्हींवर सारखेच हसलो. काकू गंभीरपणे म्हणाल्या, “शेळीचं खोटं असंल.”

दोन हजार सालानंतर मुलगी दुबईला गेली आणि काकूंना कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत जावं लागू लागलं. मुलीशी बोलेपर्यंत त्या कॅमेऱ्यासमोर फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ बसत. बोलणं संपलं की पर्समधल्या पाकिटातली एक टिकली काढून कॅमेऱ्याच्या डोळ्यावर चिकटवत. कॅफेवाला रोज नखानं टिकल्या खरवडायचा आणि काकू रोज नवी लावायच्या. माझा धाकटा भाऊ संजू त्याच कॅफेत पडीक असायचा. तो त्यांना यावरून चिडवायचा, आणि त्यांना टिकल्यांची पाकिटंही तोच आणून द्यायचा.

अशात एके दिवशी एका सरकारी कचेरीला बॉम्बच्या धमकीची मेल आली. ती या कॅफेतून गेल्याचं निघालं आणि पोलिसांनी त्या वेळी तिथं असलेल्या सगळ्या पोरांना बोलावलं. बाकीच्यांनी आपापले पासवर्ड दिले आणि घरी आले. संजू आला नाही. तू काय लिहीत होतास, या प्रश्नाला त्यानं ‘खासगी हाय’ एवढंच उत्तर दिलं होतं, आणि पासवर्डही दिला नव्हता. मी चौकीत गेलो तेव्हा इन्स्पेक्टर म्हणाले, “लपवायचं काही नसेल तर सांगायला काय जातंय? उद्या कोर्टात उभा केल्यावर सांगेल.” संजू बाकावर मान खाली घालून बसला होता. त्याचा ओठ सुजलेला दिसला. कसा, ते मी विचारलं नाही.

घरी आलो तर आई काकूंच्या दारात उभी होती.

“तुम्ही शेजारच्या खुर्चीवर होता की. काय लिहीत होता तो?”

“ठाऊक हाय,” काकू म्हणाल्या.

“मग चला, सांगा की चौकीत.”

“ते त्याच्या एकट्याचं न्हाय, वैनी. मला असं सांगता येणार न्हाय.”

काकूंनी पायांत चपला घातल्या आणि त्या स्टँडच्या दिशेनं चालू लागल्या. आई रडत म्हणाली, “पोराचं आयुष्य चाललंय आणि ही बाई गावाला निघाली.” मलाही त्या क्षणी काकूंचा विलक्षण राग आला होता.

दुपार कलली तेव्हा त्या परतल्या. बरोबर एक मुलगी होती. मी तिला ओळखलं. परीक्षा होईपर्यंत ती काकूंच्याच माडीवर भाड्यानं राहत होती. जयसिंगपूरच्या व्यापारी घरातली, आमच्या जातीची नव्हे. संजू हिलाच लिहीत होता, याचा आता उलगडा झाला.

“हिला विचारायला गेलते,” काकू म्हणाल्या. “ही व्हय म्हणाली. चला.”

चौकीत इन्स्पेक्टरांच्या खोलीत कॉम्प्युटर होता. मुलगी त्यासमोर बसली. ती आपल्या मेलचा पासवर्ड टाकायला लागली तसं काकू म्हणाल्या, “साहेब, जरा तिकडं बघा.” काय आश्चर्य, साहेबांनी खरोखरच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग संजूचं पत्र उघडलं. वर त्याचं नाव, तारीख, वेळ. धमकी गेली त्याच मिनिटाला हे पत्र गेलं होतं. साहेब पुढं झुकले आणि काकूंनी आपला तळवा पसरून मजकुरावर ठेवला.

“मॅडम, हात काढा.”

“नाव दिसतंय? वेळ दिसतीया?”

“मजकूर बघावा लागेल. सरकारी काम आहे.”

“मीबी सरकारी कामच केलं, साहेब. ऐकावं लागायचं म्हणून ऐकलं. तुमचं काम नुसत्या नावा-वेळेवर भागतंय. खालचं तुमच्या कामाचं न्हाय.”

हवालदार दाराशी येऊन उभा राहिला. मुलगी हळूच म्हणाली, “वाचू दे काकू त्यांना. पण संजूला सोडा म्हणावं.” काकूंनी हात हलवला नाही. साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकून हवालदाराला म्हणाले, “वेळ लिहून घे.”

संध्याकाळी संजू घरी आला. पुढं खरा गुन्हेगारही सापडला. पण मुलगी चौकीत दिसल्याची बातमी तिच्या एसटीच्या आधी जयसिंगपूरला पोचली होती. तिचं शिक्षण थांबलं आणि वर्षाच्या आत तिचं हुबळीला लग्न लागलं. संजूनं पुण्यात नोकरी धरली. काकू कितीतरी दिवस आमच्याकडे आल्या नाहीत. शेवटी आईच गेली आणि दोघी शेंगा सोलत बसल्या.

काकूंच्या शेवटच्या आजारपणात संजू त्यांना भेटायला आला होता. त्यांच्या उशाशी बसून त्यानं पहिल्यांदाच तो विषय काढला. “काकू, त्या दिवशी कॅफेत माझं पत्र तुम्ही कुठवर वाचलंत?”

काकूंनी डोळे उघडले. “कसलं पत्र, बाळा? चष्मा घरी विसरलेते मी.”

चष्म्याशिवाय त्यांना ताटातली भाकरीसुद्धा नीट दिसत नसे, आणि कॅफेत तो कायम त्यांच्या नाकावर असे, हे आम्ही दोघेही जाणून होतो. संजूनं त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. “शेवटी मी तिला काय लिहिलं होतं, ते माझ्याही आता नीट ध्यानात न्हाय,” तो म्हणाला. काकूंनी नुसती मान हलवली. त्यांना ते आठवत असावं.