टेस्टिंगवाले काका आणि तापणारा ट्रक

कोणतीही वस्तू तपासायची झाली की ते तिला आधी हाताची उलटी बाजू लावत. कुकर, लॅपटॉप, कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून आणलेला कॉफीचा कप, शेजारच्या मुलाचं कपाळ, पद्धत एकच. मग म्हणत, "गरम आहे. पण किती? अंदाज नको, आकडा सांगा." मुलाच्या आईने अडतीस सांगितलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: "पॉइंट किती?"

असा माणूस तुमच्याही इमारतीत असेल. आमच्याकडे, टोकियोच्या ओजिमा भागातल्या सरकारी वसाहतीत, त्यांना टेस्टिंगवाले काका म्हणत. वय सत्तावन्न. चिंचवडच्या एका इंजिन कारखान्यात चाचणी विभागात वीस-बावीस वर्षं काढली, पुढे गाड्यांच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये शिरले आणि तीन वर्षांच्या कामावर जपानला आले. ऑफिसात त्यांच्या हाताखाली त्यांच्या मुलीच्या वयाचे इंजिनिअर होते. त्यांना ते एकच नियम शिकवत: एका वेळी एकच बदल. कोणी एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या, तर त्याला सगळ्यांसमोर विचारत, "आता चालतंय ना? कशामुळे चालतंय, सांग." तो गप्प बसला की यांचा दिवस चांगला जाई.

मी पूर्वी पुण्यात बातमीदार होतो, आता इथे भाषांतरं करतो. काकांना 'सुमिमासेन', म्हणजे 'माफ करा', याच्या पलीकडे जपानी येत नव्हतं. त्यामुळे ट्रकच्या प्रकरणात मी दुभाषा म्हणून पहिल्यापासून हजर होतो.

ट्रक ओकाडा-सान यांचा. दोन टनी, डिझेल, सत्तावीस वर्षांचा. ओकाडा-सान स्वतः पंचाहत्तरीचे. टोकियोबाहेर तासाभरावर, त्सुकुबाजवळ त्यांची शेती आहे. तिथल्या एका संशोधन संस्थेतल्या भारतीय बाईंनी त्यांना कधीतरी मेथीचं बी दिलं. तेव्हापासून दर शनिवारी ते मेथी, कोथिंबीर आणि दुधी घेऊन ओजिमात येत. ट्रक दहाचा, पण वसाहतीतल्या बायका साडेनऊपासून रांगेत. सगळी भाजी अर्ध्या तासात संपे. उरलेला तासभर ओकाडा-सान ट्रकच्या पायरीवर बसून चहा पीत आणि मुलांची जपानी ऐकत. बायको गेल्यापासून आठवड्यात एवढाच एक दिवस आपल्याला लोकांत बसायला मिळतो, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. सांगताना ते दुधी मोजत होते.

जूनच्या पहिल्या शनिवारी ट्रक एक्स्प्रेसवेवर तापून उभा राहिला. मेथी दीड वाजता आली, तीही शिजायच्या बेतात. ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपने ट्रकचं वय ऐकून नव्या ट्रकचं माहितीपत्रक हातात ठेवलं.

काकांनी रेडिएटरला उलटा हात लावला आणि जाहीर केलं, "सांगा त्यांना, मी बघतो."

त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, मेथीची जुडी हातात घेऊन मागे उभ्या होत्या. "आमच्या बेसिनचा नळ मार्चपासून गळतोय," त्या मला म्हणाल्या. "त्याला चाकं नाहीत ना."

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीने त्सुकुबाला गेलो. ओकाडा-सानच्या शेडमध्ये ट्रकचं केबिन पुढे झुकवलं आणि काका इंजिनात कमरेपर्यंत शिरले. दहा मिनिटांत दोष सापडला. रेडिएटरच्या टोपीचं रबर चिरलं होतं, पाणी वाफ होऊन जात होतं. नवी टोपी बसवली. तिथे थांबायला हरकत नव्हती. पण काका रंगात आले होते. त्यांनी आणखी दोन बोल्ट काढले आणि लिंबाएवढा पितळी भाग बाहेर काढला.

"हा थर्मोस्टॅट. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून ठेवणारा दरवाजा. थंडीत ठीक आहे. उन्हाळ्यात पाणी अडवून काय लोणचं घालायचंय? आपल्याकडे मेकॅनिक पहिल्यांदा हा काढून फेकतो."

मी भाषांतर केलं. लोणचंही केलं. ओकाडा-सान म्हणाले, "असं असतं का." जपानी माणूस हे वाक्य किती अर्थांनी म्हणतो, पटलं नसलं तरी म्हणतो, ते मला माहीत होतं. काकांना सांगायचं राहून गेलं.

पुढच्या शनिवारी काटा पुन्हा लाल रेघेला टेकला. तिथून दोन महिने काकांनी त्या ट्रकवर जे केलं, त्याला त्यांच्या ऑफिसात प्रोजेक्ट म्हटलं असतं. पंख्याचा पट्टा बदलला. रेडिएटर उलट्या दिशेने धुतला. पाण्याचा पंप बदलला. सगळं एका वेळी एकच, नियमानुसार, वहीत आकड्यांसह. वहीचं पहिलं पान मात्र पट्ट्यापासून सुरू होत होतं. टोपी आणि थर्मोस्टॅट त्यांच्या लेखी बदल नव्हतेच. ती तयारी होती. प्रत्येक दुरुस्तीनंतर ट्रक गावात शहाण्यासारखा वागे आणि माल भरून एक्स्प्रेसवेवर चढला की तापे. शेवटी भंगारवाल्याकडून दुसरा रेडिएटरच आणला.

"आता या ट्रकमध्ये माझं काय उरलंय?" ओकाडा-साननी विचारलं.

"स्टिअरिंग," काका म्हणाले.

जुलैच्या अखेरीस ट्रक दुसऱ्यांदा रस्त्यात बंद पडला. ओकाडा-सानचा मुलगा नगरपालिकेत नोकरीला आहे. त्याला ऑफिस सोडून एक्स्प्रेसवेवर जावं लागलं. वडील भर उन्हात तासभर कठड्याला टेकून उभे होते. मुलाने आवाज न चढवता निकाल दिला: ऑगस्टमध्ये ट्रकची वार्षिक तपासणी आहे, ती करायची नाही. मंगळवारी भंगारवाला येऊन ट्रक नेईल. ओजिमा बंद.

ओकाडा-साननी वाद घातला नाही. त्यांनी मेथीचं पुढचं बी पेरलं नाही, एवढंच.

मंगळवारच्या आधीच्या रविवारी काका मला ओढून त्सुकुबाच्या सुट्या भागांच्या दुकानात घेऊन गेले. त्यांना एक पाइप हवा होता. काउंटरवर साठीच्या बाई होत्या, चष्मा साखळीला. पाइप कितव्यांदा बदलताय, असं त्यांनी विचारलं. मी हकिगत सांगितली. बाईंनी इंजिनच्या पाण्याच्या वाटांचा नकाशा काउंटरवर पसरला आणि पेन्सिलीने एकेक भाग दाखवत विचारायला सुरुवात केली. पंप आहे? आहे. पट्टा? आहे. थर्मोस्टॅट?

"तो लागत नाही," काका म्हणाले.

बाईंनी पेन्सिल थर्मोस्टॅटच्या चित्राखाली नेली. तिथे एक छोटी चकती होती. "दरवाजा उघडला की ही चकती खाली सरकते आणि इंजिनकडे परत जाणारी ही आडवाट बंद होते. मग पाणी रेडिएटरकडे जातं. तुमच्या ट्रकमध्ये ही वाट कोण बंद करतं?"

मी भाषांतर केलं. काका नकाशावर वाकले. त्यांनी कागदाला हाताची उलटी बाजू लावली. कशासाठी, ते मला विचारू नका.

"कोणीच नाही," ते म्हणाले. "पाणी तिथल्या तिथे फिरतंय. दोन महिने. आणि मी रेडिएटर बदलतोय."

नवा थर्मोस्टॅट घेऊन आम्ही शेतावर आलो. अंगणात बाप-लेक दोघंही होते. मुलगा ट्रकची कागदपत्रं एका पाकिटात भरत होता. काका माझ्याकडे वळले. "सांगा त्यांना, एक भाग निकामी निघाला. तो बदलला की झालं."

मी तोंड उघडलं.

"थांबा," ते म्हणाले. "भाग चांगला होता. मी काढला. जूनमध्ये. टोपीही त्याच दिवशी बदलली, म्हणून कळलं नाही. हेच सांगा. जसंच्या तसं. तुमची ती नम्र जपानी मध्ये घालू नका."

मी जसंच्या तसं सांगितलं. जपानीत ते फार उघडं वाटतं. मग मुलाने विचारलं, "काढलेला भाग कुठे आहे?"

"फेकला. ओजिमात."

"कोणत्या कचऱ्यात?"

जपानात चुकीच्या कचऱ्यात वस्तू टाकणं गुन्ह्यासारखंच. काका ताठ झाले. "न जळणाऱ्या. धातूचा. ठरलेल्या दिवशी, आठच्या आत."

ओकाडा-सान हसायला लागले. आधी खांदे हलले, मग ते ट्रकच्या पायरीवर बसले आणि डोळे पुसत राहिले. मुलगा हसला नाही. तो सरकारी माणूस. त्याने लेखी मागितलं. काय झालं, का झालं आणि पुन्हा का होणार नाही, ते कागदावर द्या, मग भंगारवाल्याला थांबवायचं की नाही ते ठरवू.

काकांना याहून सोपी शिक्षा नव्हती. असे अहवाल त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांकडून लिहून घेतले होते. पद्धत अशी की पाच वेळा 'का' विचारायचं. ट्रक का तापला? पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेने फिरलं. का? ती वाट बंद करणारा भाग जागेवर नव्हता. का? मी काढला होता. का? आमच्याकडे काढतात. पाचव्या 'का'पाशी ते अडले. पेन टेबलावर ठेवलं, उचललं. बाहेर मुलाने एकदा घड्याळ पाहिलं. शेवटी त्यांनी लिहिलं: मी कधी विचारलं नाही.

मुलाने माझं भाषांतर दोनदा वाचलं, खिशातून सहीऐवजी वापरायचा शिक्का काढला आणि कोपऱ्यात उमटवला. नवा थर्मोस्टॅट बसवून एक फेरी मंजूर. पूर्ण माल, शनिवार, एक्स्प्रेसवे. काटा लाल रेघेला लागला तर ट्रक तिथूनच भंगारात.

त्या शनिवारी काका पहाटेच त्सुकुबाला गेले आणि ओकाडा-सानच्या शेजारी बसून आले. मी इकडे रांग लागायच्या आधीपासूनच उभा होतो, फोन हातात. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. साडेआठला पहिला निरोप: "एक्स्प्रेसवेवर चढलो. काटा मध्यावर." मग: "चढ. मध्यावर." मग वीस मिनिटं काहीच नाही. रांगेतल्या बायका मेथीचं विचारायच्या सोडून काट्याचं विचारू लागल्या. अखेर: "मिसातोजवळ ट्रॅफिक. उभे आहोत. एसी चालू. मध्यावर."

"काटा मध्यावर आहे," मी वहिनींना सांगितलं.

"आणि यांचा?" त्या म्हणाल्या.

ट्रक नऊ पंचावन्नला आला. पाच मिनिटं आधीच, म्हणजे जपानी हिशोबाने वेळेवर. काका उतरले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मान एका बाजूला अवघडली होती. ओकाडा-सान मला म्हणाले, "वाटेत मी यांना त्सुकुबा डोंगर दाखवत होतो. यांनी काट्यावरून नजर काढली नाही. माझ्या ट्रकमध्ये बसून डोंगर न पाहिलेला हा पहिला माणूस."

मी काकांना सांगितलं. "डोंगर?" काका म्हणाले. "कोणता डोंगर?"

तपासणीत ट्रक पास झाला. मुलाने तो अहवाल गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवला. तपासणी अधिकाऱ्याने तो वाचला आणि काहीही न विचारता परत दिला, असं कळलं. ओकाडा-साननी सप्टेंबरात मेथी पेरली. ऑक्टोबरात काकांचं काम संपलं आणि ते पुण्याला परत गेले. बेसिनचा नळ घर सोडायच्या दिवशी दुरुस्त झाला, वसाहतीच्या माणसाकडून.

ट्रक अजून दर शनिवारी येतो. केबिनमध्ये एसी आहे, मागे नाही. म्हणून काका बसले होते त्या जागेवर आता कोथिंबिरीची पेटी असते. ओकाडा-सान तिला सीटबेल्ट लावून आणतात. मुलगा सांगत होता, बेल्ट असला तरी वळण आलं की बाबांचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटतो आणि पेटीवर जाऊन बसतो.