फिलिपिनियानाचा ड्रॉवर

फिलिपिनो बाई म्हटली की लोक मोलकरीणच समजतात. आमच्या शारजाच्या ऑफिसात फाइलिंग करणारी मारिविक तिच्या देशात लायब्ररियन होती. अठ्ठ्याण्णव साली तिने एका रिकाम्या ड्रॉवरवर ‘फिलिपिनियाना’ अशी चिठ्ठी डकवली आणि आत मनिलाची मासिकं, कवितांच्या वह्या ठेवल्या.

मालक उल्हासशेठ तडकले, “हे तर तुमच्या ड्रेसचं नाव ना?”

“ड्रेसला ते मागाहून मिळालं, सर. आधी लायब्ररीत आमच्या देशाबद्दलच्या पुस्तकांच्या कपाटावर होतं.”

“खलास! सगळं उचल, घरी ने.”

मारिविकने ड्रॉवरपुढे खुर्ची ओढली. “लायब्ररीचा नियम आहे, सर. फिलिपिनियानातलं काही घरी नेता येत नाही. वाचायचं असेल तर बसा इथे.”